एका जिवाणूची ७४ रूपं

अमेरिकेत एल्मचं झाड पिवळं पडू लागलं की जाणकार माणूस त्याच्या सालीचा वास घेतो. खोडाच्या आतल्या सालीची छोटी चकती कापायची, बाटलीत टाकून बूच लावायचं, काही मिनिटं थांबायचं आणि मग हुंगायचं. सांधेदुखीवर चोळायच्या मलमासारखा वास आला, तर निदान जवळपास ठरलंच. हा वास मिथाइल सॅलिसिलेटचा. आपल्याकडे गंधपुऱ्याचं तेल मिळतं, त्यातलं मुख्य द्रव्य हेच. तोवर सालीचा आतला पांढरट थरही बटरस्कॉचच्या गोळीसारखा पिवळसर तपकिरी झालेला असतो. असं झाड बहुधा एक-दोन वर्षांत वाळून जातं. या रोगाचं इंग्रजी नाव ‘एल्म यलोज’. आपण त्याला एल्मचा पिवळा रोग म्हणू.

एल्म महाराष्ट्रात वाढत नाही. पण त्याच्याच कुळातली वावळ आपल्या माळांवर, देवरायांत आणि जुन्या रस्त्यांच्या कडेला आहे. वावळीच्या बियांभोवती कागदासारखं पातळ गोल पंख असतं आणि उन्हाळ्यात त्या चकत्या वाऱ्यावर उडत जातात. एल्मची फळंही तशीच असतात, फक्त लहान. इंग्रजी ग्रंथांत वावळीला ‘इंडियन एल्म’च म्हणतात. खरे एल्म भारतात पाहायचे, तर हिमालयात जावं लागतं. त्यांच्याकडे पुढे येऊ.

मी या विषयात शिरलो तो एका आकड्यामुळे. जर्मनीतल्या एल्मच्या झाडांमध्ये या रोगाचा जिवाणू कितपत पसरला आहे, याची पाहणी तिथल्या शास्त्रज्ञांनी केली आणि सापडलेल्या नमुन्यांची जनुकं वाचली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एका जनुकाची २९ रूपं नोंदली आहेत आणि त्याच जिवाणूच्या दुसऱ्या एका जनुकाची ७४. रोगाचं नाव एक, जिवाणूचं नाव एक, मग ही ७४ रूपं कशाची? मी कोणत्याही प्रयोगशाळेत नोकरीला नाही. मात्र असे निबंध आणि त्यांच्यामागचे जनुकक्रम आज कोणालाही घरबसल्या वाचता येतात, शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. ते वाचताना माझं मत असं झालं, की ‘हा कोणता जिवाणू?’ या प्रश्नाचं उत्तर आपण त्याचं कोणतं जनुक वाचतो यावर अवलंबून असतं. झाड तोडायचं की ठेवायचं, रोपांची वाहतूक थांबवायची की चालू द्यायची, हे निर्णय त्या उत्तरावर ठरतात. म्हणून हा नुसता वर्गीकरणाचा वाद उरत नाही.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. एल्मचा रोग म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो ‘डच एल्म रोग’. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले कोट्यवधी एल्म ज्याने मारले, तो रोग बुरशीचा आहे आणि सालीतले भुंगेरे तो पसरवतात. हॉलंडमध्ये योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत बेआ श्वार्ट्स या तरुण संशोधिकेने १९२०च्या दशकाच्या आरंभी ती बुरशी ओळखली. पण अनेकांना ते पटलं नाही. ब्रुसॉफ नावाच्या संशोधकाने तर रोग जिवाणूचाच असल्याचं सांगून त्या जिवाणूला ‘मायक्रोकॉकस उल्मी’ असं नावही दिलं. शेवटी १९२७ मध्ये क्रिस्टिन बाउसमन यांच्या प्रयोगांनी बुरशीची बाजू सिद्ध केली. तेव्हा नको तिथे जिवाणू दिसला होता. पिवळ्या रोगात नेमकं उलट झालं. जिवाणू होता, पण कित्येक दशकं कोणाला दिसला नाही.

एल्मच्या खोडात जिवाणू अगदी उघडपणे राहतात, हे तर माहीत होतंच. इलिनॉयमध्ये कार्टर यांनी १९४५ मध्ये ‘ओल्या लाकडा’च्या विकाराचं वर्णन केलं. खोडाच्या गाभ्यात जिवाणूंमुळे आंबवण होते, वायू साठतो, दाब वाढतो आणि सालीच्या भेगांतून आंबूस पाणी झिरपत राहतं. जिवाणूच्या नावातच त्यांनी ‘अतिदाब’ घातला: निमिप्रेसुरॅलिस. झाड यामुळे सहसा मरत नाही, विद्रूप दिसतं इतकंच. त्या जिवाणूची जात पुढे अर्विनियातून एंटरोबॅक्टरमध्ये गेली आणि २०१३ मध्ये जनुकांच्या आधारे लेलिओटियात. जिवाणूंच्या आडनावांवर फार भरवसा ठेवू नये, हे तेवढ्यावरून कळतं.

पिवळ्या रोगाकडे परत येऊ. आर. यू. स्विंगल यांनी १९३८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात एल्म मरत होतेच. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे नेणाऱ्या ज्या रसवाहिन्या, त्याच या रोगात मरतात. मुळं उपाशी पडतात, आधी तंतुमुळं जातात आणि मग सगळं झाड एकदम पिवळं पडतं. बुरशीच्या रोगात आधी एखादी फांदी सुकते, इथे पूर्ण छत्री एकाच उन्हाळ्यात रंग बदलते. कारण विषाणूच असणार असं तेव्हा धरून चालले, कारण कोणत्याही खाद्यावर काही वाढेना. १९४०च्या दशकाच्या अखेरीस एवढं कळलं, की रोग तुडतुड्यामुळे पसरतो. पांढऱ्या पट्ट्याचा तो तुडतुडा म्हणजे स्कॅफॉइडिअस ल्युटिओलस. शेजारच्या झाडांची मुळं जमिनीत एकमेकांना जुळलेली असतील, तर तिथूनही रोग सरकतो. शहरांतल्या रस्त्यांवर एकाच जातीचे एल्म ओळीने लावण्याची अमेरिकन हौस या रोगाच्या पथ्यावरच पडली.

उलगडा झाला तो जपानमध्ये आणि तोही तुतीच्या झाडावर. १९६७ मध्ये दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुजेपणाचा रोग झालेल्या तुतीच्या रसवाहिन्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर आत पेशीभित्ती नसलेले, वेडेवाकडे, अतिसूक्ष्म जिवाणू दिसले. त्याच वर्षी टेट्रासायक्लीन दिल्यावर लक्षणं मागे हटतात, हेही त्यांच्याच गटाने दाखवलं. विषाणूवर टेट्रासायक्लीन चालत नाही, तेव्हा संशयाला जागा उरली नाही. मग जगभर ‘विषाणूजन्य’ म्हणून नोंदलेले पिवळेपणाचे, गुच्छांचे, खुजेपणाचे रोग पुन्हा तपासले गेले. एल्मही त्यांत होता. या जिवाणूंना आज फायटोप्लाझ्मा म्हणतात.

आपल्या शेतकऱ्याला हे नाव परकं वाटेल, पण रोग परका नाही. वांग्याचा पर्णगुच्छ याच वर्गातल्या जिवाणूचा. पानं बारीक होतात, त्यांचा झुबका बनतो, झाड हिरवं दिसतं आणि फळ धरत नाही. उसाची गवताळ वाढ, तिळाच्या फुलांच्या जागी येणारी पानं, कूर्गमध्ये १८९९ साली नोंदलेला चंदनाचा ‘स्पाइक’, हे सगळे फायटोप्लाझ्मांचेच उद्योग. प्रयोगशाळांत हे जिवाणू जपून ठेवण्यासाठी जगभर जी वनस्पती वापरतात, ती आपल्या अंगणातली सदाफुली. कृत्रिम खाद्यावर त्यांना वाढवणं साधत नसल्याने त्यांना जिवंत सदाफुलीतच ठेवतात, कलमं करून पुढे नेतात.

हा जिवाणू इतका परावलंबी का, ते त्याच्या जनुकसंचात लिहिलेलं आहे. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कांद्यावरच्या एका फायटोप्लाझ्माचा संपूर्ण जनुकसंच वाचला. तो जेमतेम ८ लाख ६० हजार अक्षरांचा निघाला. ऊर्जेचं चलन तयार करणारं जे यंत्र जवळजवळ प्रत्येक सजीवाकडे असतं, त्याचीच जनुकं त्यात नव्हती. बिऱ्हाड कायम दुसऱ्याच्या घरात, चूलही त्याचीच. ही घरं दोन प्रकारची: झाडाची रसवाहिनी आणि तुडतुड्याचं शरीर. रस शोषताना जिवाणू कीटकाच्या आतड्यात जातो, आतड्याची भिंत ओलांडून शरीरभर पसरतो, लाळग्रंथीत पोचतो आणि काही आठवड्यांनी पुढच्या झाडात उतरतो. झाड आणि कीटक या दोन्ही घरांत ज्याला जागा मिळते, तोच टिकतो.

आता नावाकडे. जो जिवाणू बशीत वाढवता येत नाही, त्याला रीतसर जातीनाम मिळत नाही. त्याच्या नावाआधी ‘कँडिडेटस’ म्हणजे ‘उमेदवार’ असं लावतात. एल्मच्या जिवाणूला २००४ मध्ये ‘कँडिडेटस फायटोप्लाझ्मा उल्मी’ हे नाव मिळालं. उमेदवारी अजून चालूच आहे. फायटोप्लाझ्मांची विभागणी मुख्यतः एका जनुकावर केली जाते. सगळ्या जिवाणूंमध्ये प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग तयार करणारं हे जनुक १६एस म्हणून ओळखलं जातं. दोन नमुन्यांत या जनुकाचं साम्य ९७.५ टक्क्यांहून कमी असेल तर जाती वेगळ्या, असा २००४ चा नियम होता. २०२२ मध्ये ती रेघ ९८.६५ टक्क्यांवर नेली. एल्मचा जिवाणू या पद्धतीत पाचव्या गटात येतो. त्याच गटात चीनमधल्या बोरांना झाडूसारखे फुटवे आणणारा जिवाणू आहे, रासबेरीच्या कुळातल्या झुडपांना खुजं करणारा आहे, युरोपातल्या ऑल्डर वृक्षातला आहे आणि द्राक्षवेलीचा ‘फ्लाव्हेसाँस दोरे’ म्हणजे सोनेरी पिवळेपणा आणणारा, द्राक्षबागायतदारांची झोप उडवणाराही आहे. अडचण अशी, की या भावंडांची १६एस जनुकं जवळपास सारखी आहेत. नुसता टक्केवारीचा नियम लावला असता, तर एल्म आणि द्राक्ष यांचा जिवाणू एकच म्हणावा लागला असता. म्हणून नाव देणाऱ्यांनी आणखी काही जनुकं पाहिली आणि झाड कोणतं, वाहक कीटक कोणता, हेही विचारात घेतलं.

जर्मन निबंधाचं महत्त्व इथे आहे. त्यांनी मुद्दाम दोन टोकांची जनुकं निवडली. पहिलं ‘ग्रोईएल’. पेशीत तयार झालेल्या प्रथिनांना नीट घडी घालून देणाऱ्या प्रथिनाचं हे जनुक. हे काम इतकं मूलभूत आहे, की त्यात थोडी चूक झाली तरी पेशी मरते. साहजिकच हे जनुक फार सावकाश बदलतं. जर्मनीतल्या सगळ्या नमुन्यांत त्याचं साम्य ९९ टक्क्यांहून जास्त निघालं. या जनुकावरून वंशावळ काढली, तर एल्मचे सगळे जिवाणू एका फांदीवर येतात आणि द्राक्ष, ऑल्डर वगैरे मंडळी वेगळ्या फांद्यांवर जातात. २००४ चं नाव योग्य होतं, असा त्याचा कौल.

दुसरं ‘इम्प’. पेशीभित्ती नसलेल्या या जिवाणूच्या बाहेरच्या पापुद्र्यावर जे प्रथिन मोठ्या प्रमाणात बसलेलं असतं, त्याचं हे जनुक. या जनुकात दूरच्या दोन रूपांमधलं साम्य ७१ टक्क्यांवर उतरलं. एकाच जातीत, एकाच देशात! २९ विरुद्ध ७४ हे आकडे इथून येतात. आणि यावरून काढलेली वंशावळ पहिलीशी जुळतच नाही. इम्पच्या वंशावळीत एल्मचे जिवाणू दोन गोटांत विभागले जातात. एक गोट द्राक्षाच्या सोनेरी पिवळेपणाच्या एका वाणाला चिकटतो, दुसरा त्याच रोगाच्या इतर वाणांना आणि ऑल्डरच्या जिवाणूला. म्हणजे बाहेरच्या पापुद्र्यापुरतं पाहिलं, तर एल्मचा एखादा जिवाणू दुसऱ्या एल्ममधल्या भावाशी जितका मिळता आहे, त्याहून द्राक्षातल्या चुलतभावाशी अधिक मिळता आहे.

असं का व्हावं? दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, पण तिथेही व्याकरण फारसं हलत नाही, बदलतात ते उच्चार आणि शब्द, म्हणजे शेजाऱ्याशी व्यवहार जिथे होतो तो भाग. इम्प हा जिवाणूचा व्यवहाराचा भाग आहे. झाडाच्या आणि कीटकाच्या पेशींना प्रथम भिडतो तो हा पापुद्रा. कांद्यावरच्या फायटोप्लाझ्माबाबत २००६ मध्ये जपानी गटाने दाखवलं, की त्याचं याच स्वरूपाचं पृष्ठप्रथिन रोग वाहून नेणाऱ्या तुडतुड्यांच्या आतड्यातल्या सूक्ष्मतंतूंशी जोडलं जातं आणि जे तुडतुडे रोग नेत नाहीत त्यांच्या तंतूंशी जोडलं जात नाही. कोणता कीटक आपल्याला वाहून नेणार, हे अशा प्रथिनांवर बरंच ठरतं. नवा कीटक, नवं झाड भेटलं की या जनुकावर निवडीचा ताण येतो आणि ते झपाट्याने बदलतं. शिवाय एकाच झाडात किंवा एकाच तुडतुड्यात दोन वाण एकत्र आले, तर जनुकांचे तुकडे आपसात बदलले जाण्याचाही संभव असतो. दोन वंशावळी न जुळण्याचं तेही एक कारण असू शकतं.

जर्मनीत एल्मच्या तीन देशी जाती आहेत. त्यांतल्या डोंगराळ भागातल्या अल्मस ग्लॅब्रामधले जिवाणू दोन्ही वंशावळींत एकत्र, वेगळ्या घोळक्यात राहिले. अल्मस मायनर आणि अल्मस लेविस या मैदानी, नदीकाठच्या जातींमधले मात्र बरेच मिसळलेले. मला यात झाडांपेक्षा त्यांच्यावरच्या कीटकांचा हात अधिक दिसतो, पण हे माझं अनुमान. इटलीत मॅक्रॉप्सिस मेंडॅक्स नावाचा तुडतुडा वाहक असल्याचं २००४ मध्ये सिद्ध झालं. तो अमेरिकेतल्या पांढऱ्या पट्ट्याच्या तुडतुड्याच्या वंशातला नाही. अमेरिकेतही २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी एक थुंकीकीडा आणि आणखी एक तुडतुडा वाहक म्हणून नोंदवला. वाहक जितके वेगवेगळे, तितके पापुद्र्याचे नमुने जास्त, हे तर्काला धरून आहे.

युरोपातले एल्म या जिवाणूने सहसा मरत नाहीत. फांद्यांच्या टोकांना झुबके येतात, पानं लहान राहतात, काही झाडांवर तर काहीच दिसत नाही. अमेरिकन एल्म मात्र मरतो. जिथे जिवाणूची रूपं भरपूर आणि झाड शांत, तिथे दोघांचा सहवास जुना असावा, असा माझा कयास आहे.

हा सहवास मोडला की काय होतं, ते द्राक्षाच्या बाबतीत चांगलं कळलेलं आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला आर्मान्याक भागात १९५०च्या दशकात वेली सोनेरी पिवळ्या पडून मरू लागल्या. रोग वाहून नेणारा तुडतुडा स्कॅफॉइडिअस टायटॅनस अमेरिकेतून आलेला होता. एल्मच्या अमेरिकन तुडतुड्याचा हा सख्खा नातेवाईक. कीटक अमेरिकन म्हणून रोगही अमेरिकन, असंच बराच काळ मानलं जाई. पुढे जनुकं वाचल्यावर चित्र पालटलं. जिवाणू मूळचा युरोपातलाच होता, तिथल्या ऑल्डर वृक्षांत मुकाट राहत होता, ऑल्डरचे तुडतुडे त्याला इकडून तिकडे नेत होते. त्याच्या असंख्य रूपांपैकी काहींचा पापुद्रा या नव्या अमेरिकन तुडतुड्याशी जुळला. तुडतुडा द्राक्षावरच जगणारा, तेव्हा ती रूपं द्राक्षात शिरली आणि वेलीवरून वेलीवर फिरू लागली. साथ फक्त त्या मोजक्या रूपांची. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे सविस्तर मांडलं आहे. निरुपद्रवी म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या रानातल्या झाडातली विविधता म्हणजे रोगाची कोठी होती.

आता हिमालय. डच एल्म रोगाला तोंड देऊ शकेल असा एल्म शोधत हान्स हेइब्रुक हे डच संशोधक १९६० मध्ये हिमालयात आले होते. तिथला अल्मस वॉलिचियाना चाऱ्यासाठी सतत छाटला जातो आणि आज तो संकटग्रस्त जातींत गणला जातो. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे नथॅनिएल वॉलिक यांचं नाव त्याला दिलेलं आहे. त्याचं रक्त पुढे हॉलंडमध्ये तयार केलेल्या ‘लोबेल’, ‘डोडोन्स’, ‘प्लांटाइन’ या संकरित एल्ममध्ये आलं. ते बुरशीला बऱ्यापैकी पुरून उरले. इटलीत फ्लॉरेन्सच्या केंद्रानेही आशियाई एल्म वापरून संकर केले. पण तिथे लक्षात आलं, की आशियाई जातींना आणि त्यांच्या संकरांना पिवळा रोग युरोपी एल्मपेक्षा जास्त बाधतो. बुरशीवर नजर ठेवून झाडं निवडली गेली होती आणि जिवाणू त्या हिशेबात नव्हता. अशी रोपं रोपवाटिकेतून गावोगावी जातात. दिसायला निरोगी रोपात जिवाणू असू शकतो, तेव्हा तपासणी करावीच लागते. ती नुसत्या १६एस जनुकावर केली, तर ‘एल्मचा फायटोप्लाझ्मा आहे’ एवढंच कळेल. तो त्या भागात आधीपासून मुरलेल्या रूपांपैकी आहे की बाहेरून आलेला, हे कळायला इम्पसारखं चंचल जनुक वाचावं लागेल. पहिल्या उत्तरावर सरसकट झाडं तोडण्याचा आदेश निघू शकतो, दुसऱ्यावर कदाचित निघणार नाही. जिथे रोग आधीच सर्वत्र आणि सौम्य आहे, तिथे झाडं तोडणं मला निव्वळ अपव्यय वाटतं. बाहेरचं रूप आत येऊ न देणं मात्र अगत्याचं.

भारतात फायटोप्लाझ्माच्या नोंदी खूप आहेत, पण त्यांतल्या बहुतेक १६एस जनुकावर थांबतात. वांगी सहाव्या गटात, ऊस अकराव्यात, चंदन पहिल्यात. गट समजला की नोंद पूर्ण झाली असं मानलं जातं. एल्मच्या पाचव्या गटातला आपला सगळ्यात जवळचा प्रतिनिधी बोरात आहे. बोराच्या पिवळ्या पडलेल्या झाडांमध्ये चीनमधल्या बोरांचाच फायटोप्लाझ्मा सापडल्याची नोंद भारतातून २००८ मध्ये झाली. आपल्याकडे बोर शेतात आहे, बांधावर आहे, माळावर आपोआप उगवलेली आहे. तिच्यावर तुडतुडे आहेत आणि तेच तुडतुडे शेजारच्या पिकांवरही बसतात. त्या जिवाणूची आपल्याकडे किती रूपं आहेत, हे पाहायचं तर बांधावरच्या पिवळ्या बोरींबरोबर हिरव्यागार, भरपूर बोरं लागलेल्या बोरींच्याही फांद्या तपासायला घ्याव्या लागतील आणि त्यांवरचे तुडतुडेही जाळीत धरावे लागतील.